डिश गच्चीवर, गाठ जमिनीवर

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल मागे टाकलं की भोकरपाड्याला, हिरानंदानींच्या वसाहतीत, योट्टा कंपनीचं 'एनएम १' हे डेटा सेंटर लागतं. ऐन कोरोनात, जुलै २०२० मध्ये ते सुरू झालं. ७,२०० रॅक बसतील एवढी इमारत. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे नेमकं काय चालतं याचा पत्ता लागत नाही. पनवेलच्या नाक्यावर हल्ली गप्पा रंगतात त्या उपग्रहाच्या. "आता वायर-बियर काही नको, सगळं वरूनच येणार!" वरून येईल, मान्य. पण उतरणार कुठे? उतरायची जागा शेवटी अशाच एखाद्या इमारतीला फायबरने बांधलेली असते, आणि उपग्रहाच्या इंटरनेटची खरी कसोटी याच सांध्यावर लागते.

महाराष्ट्रात हा सांधा पहिल्यांदा जुळला तो नारायणगावजवळच्या आर्वीला. फेब्रुवारी १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी तिथलं उपग्रह भूकेंद्र राष्ट्राला अर्पण केलं. विक्रम साराभाईंना जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. केंद्राला त्यांचंच नाव दिलं गेलं. ९७ फूट व्यासाची डिश हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. मुंबई सोडून जुन्नर तालुका का निवडला? शहराच्या रेडिओ गोंगाटापासून लांब, डोंगरांच्या आडोशाला शांत जागा हवी होती म्हणून. त्याच शांततेपायी पुढे शेजारच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आली. परदेशाहून आलेला आवाज आर्वीला उतरायचा आणि मग सह्याद्री ओलांडून मुंबईला जायचा. आकाशातला टप्पा परक्या उपग्रहाचा, जमिनीवरचा आपला.

आवाजाला थोडा उशीर चालतो. माणूस "हॅलो, हॅलो" म्हणत निभावून नेतो. संगणकांचं तसं नाही.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. उत्तर परत येईतो अर्धा सेकंद उलटलेला असतो. आता इंटरनेटचा टीसीपी हा नियम बघा. तो रजिस्टर्ड पोस्टासारखा चालतो: ठरावीक माल पाठवायचा आणि पोचपावती येईपर्यंत पुढचा हातात धरून बसायचं. मूळ टीसीपीत पावतीविना पाठवायच्या मालाची मर्यादा होती ६४ किलोबाइट. अर्ध्या सेकंदात ६४ किलोबाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट. नासाने १९९३ मध्ये सोडलेल्या 'अ‍ॅक्ट्स' उपग्रहावरून ६२२ मेगाबिटच्या जोडण्यांचे प्रयोग झाले. एवढी रुंद वाट, आणि जुन्या टीसीपीची एक जोडणी तिच्यातला सहाशेवा हिस्साही वापरू शकत नाही! ती भरून काढायची तर चाळीस मेगाबाइटच्या आसपास माल सतत हवेत हवा. मर्यादा वाढवायची सोय १९९२ मध्ये कागदावर आली होती, पण दोन्ही टोकांच्या संगणकांना ती ठाऊक असायला हवी ना.

मग एक पळवाट निघाली, आणि मला ती फार आवडते. डिशशेजारी एक पेटी बसवायची. तिने आपल्या संगणकाला तिथल्या तिथे खोटी पावती द्यायची, "पोचलं, पाठव पुढचं", आणि खरा माल उपग्रहावरून आपल्या पद्धतीने पोचवायचा. गंमत चालते ती माल उघडा असेपर्यंत. बँकेच्या शाखेने व्हीपीएन लावून सगळं कुलूपबंद केलं की पेटीला आतलं काही दिसत नाही आणि वेग पुन्हा आपटतो. त्यामुळे आधी ही पेटी आणि मग कुलूप, असा क्रम लावावा लागतो. तो चुकला तर उपग्रह कितीही महागाचा असो, शाखेतला कारकून स्क्रीनकडे बघत बसतो.

उपग्रहाची जोडणी कुठे शोभून दिसते याचं उत्तम उदाहरण मुंबईतच घडलं. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू केले ते व्हीसॅटच्या, म्हणजे छोट्या डिशच्या उपग्रह-जोडणीच्या भरवशावर. साध्या टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत होते त्या काळात गावोगावच्या दलालांच्या गच्चीवर छोट्या डिश चढल्या आणि वर्षभरातच या बाजाराने उलाढालीत दलाल स्ट्रीटला मागे टाकलं. शेअरची ऑर्डर म्हणजे चार आकडे. अर्ध्या सेकंदाने तेव्हा कुणाचं बिघडत नव्हतं. त्याच बाजाराने २०१० मध्ये दलालांचे सर्व्हर आपल्या इमारतीत ठेवून घ्यायला सुरुवात केली, कारण आता भांडण मायक्रोसेकंदांचं होतं.

पावसाचं काय, हे पनवेलकराला विचारावं. आर्वीसारख्या जुन्या केंद्रांचा सी बँड, म्हणजे त्यांच्या रेडिओ लहरींचा पट्टा, पावसाला फारशी दाद देत नाही. गच्चीवरच्या छोट्या डिशचा केयू बँड मात्र आषाढातल्या सरीने मान टाकतो आणि नव्या वेगवान उपग्रहांचा केए बँड त्याहून नाजूक. इस्रोने बनवलेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेटवरून गेलेला, ४८ गिगाबिट क्षमतेचा जीसॅट-एन२ केए बँडचाच आहे. तोड दोन: पाऊस वाढला की यंत्रणा आपोआप वेग उतरवते, आणि एकाच उपग्रहाची दोन भूकेंद्रं लांब लांब ठेवतात, एक भिजलं की दुसरं काम बघतं. माझं मत विचाराल तर एक कोकणात आणि जोडीचं घाटावर, पर्जन्यछायेत, असावं. वर्षातून दोनदा सूर्यच नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं जोडणी आंधळी होते, ते वेगळंच. त्यातली एक वेळ ऑक्टोबरच्या सुमारास.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचं दुखणं जवळपास संपतं. त्या जागी नवं येतं: डोक्यावरचा उपग्रह मिनिटांत मावळतो आणि चालू जोडणी न तोडता पुढच्याच्या हवाली करावी लागते. महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी या कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांना प्राधान्य. भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच भूकेंद्रावर उतरला पाहिजे, अशी सरकारची अट आहे. म्हणजे भामरागडच्या आश्रमशाळेतला संदेश वर जाईल, देशातल्या एखाद्या भूकेंद्रावर उतरेल आणि तिथून फायबरने मुंबई-पनवेलकडच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपाशी पोचेल.

हा जमिनीवरचा टप्पाच तुटला तर काय, हे रायगड जिल्ह्याने ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात सोसलं. श्रीवर्धन-मुरुडकडे वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले, मुंबईतल्या चाकरमान्यांना घरची खबर कळेना. तिथल्या प्रत्येक मोठ्या ग्रामपंचायतीत एक डिश, तिच्यासाठी सौर पॅनल आणि बॅटरी आणि ती दरमहा तपासणारा एक माणूस, एवढं पुरे झालं असतं. डिश विकत घेणं त्यातलं सगळ्यात सोपं काम. तपासणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून काढायचा, यावर फाइल अडते.