नत्ररोपणाची कैफियत

धातुपृष्ठ कठीण करण्याच्या विद्येचा आढावा घ्यावयाचा म्हणजे क्रोमचा मुलामा, पाचशे अंशांच्या आसपासचे नत्रीकरण आणि टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप यांवर पाने खर्ची घालण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांची हकीकत कारखान्यांच्या दफ्तरी सविस्तर नोंदलेली असल्यामुळे, आणि ज्या आयन-रोपणाचा पक्ष मी आयुष्यभर घेत आलो त्याला अद्याप न्याय मिळाला नाही असे माझे ठाम मत असल्यामुळे, त्या तिघांना येथेच निरोप देतो.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ शॉकले यांनी १९५४ साली अर्धवाहकांसाठी ज्याच्या पेटंटचा अर्ज केला, ते तंत्र धातूंच्या झिजेवर योजण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडमधील हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रातील जेफ्री डिअर्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, १९७० नंतरच्या त्यांच्या चिकाटीच्या प्रयोगांसाठी द्यावे लागते. निर्वात कक्षात सुमारे शंभर किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे नत्र-आयन, चौरस सेंटिमीटरला एकावर सतरा शून्ये किंवा त्याच्या काही पट इतक्या संख्येने पोलादात घुसविले, की ते मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास स्थिरावतात, स्फटिकातील विस्थापनरेषांना जखडून ठेवतात आणि काही ठिकाणी सूक्ष्म नायट्राइडे घडवितात. आणि हे सारे दोनशे अंशांखाली साधत असल्याने तयार वस्तूचे माप बिघडत नाही, पाणी उतरत नाही, आणि वेगळा थर चढविलेलाच नसल्यामुळे पापुद्रा सुटण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

इतक्या पातळ थराने काय साधणार, असा आक्षेप घेणाऱ्या विद्वानांशी माझा जुना वाद आहे. काठिण्य मोजणारी व्हिकर्सची हिरकणी किलोभर भाराने कठीण पोलादात दाबली तर ती सुमारे सात मायक्रॉन, म्हणजे रोपित थराच्या सत्तरपट, खोल उतरते. तेव्हा तिने दाखविलेला आकडा मूळ धातूचा असतो, आणि त्यावरून रोपण निष्फळ ठरविणे म्हणजे पायाची परीक्षा करून रंगाविषयी निकाल देणे होय. उलट, मूळ थराहून कितीतरी खोल झीज झाल्यावरही नत्राचा अंश घर्षणाच्या चरीत सापडतो, हे निरीक्षण त्या काळच्या प्रयोगांतून वारंवार पुढे आले. घर्षणाच्या ओघात नत्र आत सरकत जातो, हा त्याचा मला पटणारा अर्थ.

तथापि पक्षपात वस्तुस्थितीच्या आड येता कामा नये. बेअरिंगच्या कठीण केलेल्या ५२१०० पोलादावर नत्राचा प्रभाव अल्प पडतो. तेथे टायटॅनियमचे रोपण, पृष्ठावर कार्बनयुक्त अस्फटिकी थर निर्माण करून, सरस ठरले. याच्या उलट सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूवर नत्राने जे कार्य केले, ते कृत्रिम सांध्यांच्या निर्मितीपर्यंत पोहोचले.

रोपणाची आयन-शलाका सरळ रेषेत जाते, म्हणून वाकड्या वस्तू फिरवीत बसावे लागते, ही अडचण विस्कॉन्सिनच्या जॉन कॉनराड यांनी १९८० नंतरच्या दशकात वस्तूच प्लाझ्मात बुडवून बरीचशी दूर केली. तो अध्याय सुपरिचित आहे.

आज खंत वाटते ती बाजाराने लेप पसंत केला याची नव्हे, कारण यंत्राची किंमत आणि उत्पादनाची गती यांचा हिशेब कारखानदाराला करावाच लागतो. खंत वाटते ती झिजेची चर अभ्यासण्याचे कष्ट टाळून काठिण्याच्या एकाच आकड्यावर गुणवत्तेचा निवाडा करण्याची सवय प्रयोगशाळांतही मुरली याची. धातूची परीक्षा तो ज्या कामासाठी घडविला त्या कामातच झाली पाहिजे, आणि हा दंडक मान्य होईल तेव्हा नत्ररोपणाला वकिलाची गरज उरणार नाही.