अकरा सेकंदांचे उड्डाण

पॅरिस शहरात त्विलरी नावाची एक मोठी बाग आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी या बागेत काही जाणकार मंडळी जमली होती. एकवीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्या हातातील छोटे विमान हवेत सोडले. विमान जेमतेम अर्धा मीटर लांब होते. त्याला इंजिन नव्हते. होती ती फक्त पीळ दिलेली रबरी दोरी. तरीही ते विमान अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे चाळीस मीटर अंतर उडून गेले.

या तरुणाचे नाव अल्फोन्स पेनो. त्याचे वडील नौदलात मोठे अधिकारी होते. खुब्याच्या दुखण्यामुळे अल्फोन्सला मात्र नौदलात जाता आले नाही. त्याने आपले सारे लक्ष उडण्याच्या अभ्यासाकडे वळवले.

विमान उडवायचे तर खूप शक्ती हवी, असे तेव्हा अनेकांना वाटे. पेनोने शक्तीबरोबर तोलाचाही विचार केला. पतंगाला दोरा बांधताना आपण त्याचा तोल पाहतो ना? तोल चुकला, तर वारा कितीही चांगला असो, पतंग गोतेच खातो. विमानाचेही तसेच आहे. पेनोने पंखांच्या मागे एक लहान आडवी शेपटी बसवली. शेपटीची पुढची कड त्याने पंखाच्या मानाने थोडी खाली झुकवली. त्यामुळे विमानाचे नाक खाली गेले, की हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येते. नाक फार वर गेले, की हवा शेपटीला वर उचलते आणि नाक खाली येते. विमान स्वतःच स्वतःला सावरते.

असे विमान तुम्हालाही बनवता येईल. त्यासाठी बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. बाल्साची झाडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत होतात. ती फार झपाट्याने वाढतात. त्यांचे लाकूड अतिशय हलके, पण वजनाच्या मानाने मजबूत असते. छंदाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत त्याच्या पातळ फळ्या मिळतात.

विमानाचा कणा म्हणून पस्तीस सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. पंखासाठी दोन मिलिमीटर जाडीची फळी घ्या. ती चाळीस सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद असावी. ती मधोमध कापून दोन सारखे भाग करा. कापताना पाते धारदार असू द्या आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा. आता दोन्ही भाग पुन्हा चिकटवा, पण सपाट नाही. एक भाग टेबलावर ठेवला, तर दुसऱ्याचे टोक पाच सेंटिमीटर वर राहिले पाहिजे. पंखांची टोके अशी उचललेली असली, की विमान एका कुशीवर कलंडत नाही.

कण्याच्या मागच्या टोकाला पातळ फळीची आडवी शेपटी आणि तिच्यावर एक उभा तुकडा चिकटवा. पंख मात्र चिकटवू नका. तो रबर बँडने बांधा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. पंखाच्या पुढच्या कडेखाली तीन मिलिमीटर जाडीचा लाकडी तुकडा ठेवा. पंख आणि शेपटी यांच्यातील पेनोचा कोन तो हाच!

विमानाच्या नाकावर प्लॅस्टिकचा तयार प्रोपेलर बसवा. प्रोपेलर म्हणजे हवा मागे ढकलणारे फिरते पाते. त्याच्या तारेचा आकडा आणि शेपटीजवळचा दुसरा आकडा यांच्यामध्ये, कण्याच्या खालच्या बाजूला, रबरी पट्टीचे वेढे अडकवा.

आता खरी परीक्षा. रबराला पीळ देण्याची घाई करू नका. विमान दोन्ही पंखांखाली बोटांच्या टोकांवर तोलून पाहा. पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर ते समतोल राहिले पाहिजे. नसेल, तर पंख सरकवा. मग गवतावर उभे राहून विमान समोर हलकेच सोडा. ते नाक वर करून थबकले आणि मग खाली आले, तर नाकाला थोडे मेण लावा किंवा पंख किंचित मागे घ्या. ते सरळ जमिनीकडे झेपावले, तर पंख किंचित पुढे घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर चूक कशात होती ते कळणार नाही.

विमान सरळ तरंगू लागले, की प्रोपेलर उलटा फिरवून पन्नास वेढे द्या आणि सोडा. नंतर शंभर, मग दीडशे. तुम्ही बोटांनी भरलेली शक्ती रबर परत करते आणि विमान वर चढते. पहिल्या दिवशी ते चार वेळा आपटेल. चिकटवा आणि पुन्हा उडवा.

पेनोला माणूस नेणारे विमान बनवायचे होते. त्याचा आराखडाही त्याने तयार केला होता. पण १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ते विमान कधी बनलेच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पॅरिसमधील त्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट १८७१ रोजी, अमेरिकेतील डेटन शहरात एका मुलाचा जन्म झाला. तो सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला एक खेळणे आणून दिले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे रबराच्या पिळावर छताकडे उडाले. ते पेनोच्याच रचनेवरून बनवलेले होते. ते मोडल्यावर भावांनी स्वतः तशी खेळणी बनवली. ते भाऊ म्हणजे ऑरव्हिल आणि विल्बर राइट.

१७ डिसेंबर १९०३ रोजी ऑरव्हिलने माणूस नेणारे, इंजिनाचे विमान उडवले. ते पहिले उड्डाण बारा सेकंदांचे होते आणि अंतर होते सुमारे सदतीस मीटर. पेनोचे खेळणे बत्तीस वर्षांपूर्वीच याहून थोडे पुढे गेले होते!