मुलांचा कॉम्प्युटर प्रोजेक्ट: विकत आणू नका, करूनही देऊ नका

शाळेत 'प्रोजेक्ट' म्हटलं की पालकांची धावपळ सुरू होते. तालुक्याला जायचं, दुकानातून प्रिंट काढायची, फाईल लावून मुलाच्या हातात द्यायची. प्रोग्रामिंगच्या प्रोजेक्टचंही आता तसंच होऊ लागलंय. यूट्यूबवरून किंवा एआयकडून तयार कोड घ्यायचा आणि चालवून दाखवायचा. पण त्यातली एक ओळ बदलून दाखव म्हटलं की पोरगं गप्प.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंगचा उल्लेख आहे. त्यामुळे गावच्या शाळेलाही हा विषय चुकणार नाही. मग प्रत्येक मुलाकडून स्वतःचा प्रोजेक्ट कसा करून घ्यायचा?

विषय घरातलाच घ्या

दुधाचा हिशोब, मोटारीची पाळी, दुकानाची उधारी किंवा लहान भावंडाला पाढे विचारणारा खेळ. विषय छोटा असला की तो पूर्ण होतो. नव्याने शिकणाऱ्यांसाठी 'स्क्रॅच' चांगलं. त्यात ठोकळे जोडून प्रोग्राम बनतो. नववी-दहावीला 'पायथन' जमतं. दोन्ही मोफत आहेत. स्क्रॅच एकदा कॉम्प्युटरवर घेतलं की नेट लागत नाही. पायथन चालवणारी ॲप साध्या अँड्रॉइड फोनवरही मिळतात.

आधी वही, मग कीबोर्ड

शाळेत कॉम्प्युटर कमी आणि मुलं जास्त. म्हणून पहिलं काम वहीवर करून घ्यावं. समजा दुधाचा हिशोब आहे. आत काय द्यायचं? सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर आणि दर. बाहेर काय हवं? दिवसाची रक्कम. आधी एकाच दिवसाचा हिशोब चालू द्या. तो जमला की दहा दिवसांचं बिल. फॅटप्रमाणे दर त्यानंतर.

चूक आली की हात मागे

पायथनमध्ये सकाळचे ६ आणि संध्याकाळचे ५ लिटर भरले, तर नवख्या मुलाच्या प्रोग्राममध्ये बेरीज ११ ऐवजी ६५ येऊ शकते! कारण भरलेला आकडा कॉम्प्युटर अक्षर म्हणून घेतो आणि ६ पुढे ५ चिकटवतो. 'हा आकडा आहे' असं त्याला वेगळं सांगावं लागतं.

इथे शिक्षकाने किंवा मोठ्या भावाने पटकन कीबोर्ड ओढून घेऊ नये. फक्त विचारावं, "तुला किती यायला हवं होतं? आलं किती? ६५ कुठून आला असेल?" मुलाने स्वतः शोधलेली चूक त्याच्या कायम लक्षात राहते. खूपच अडलं तर एक इशारा द्यावा, उत्तर नाही.

चाळीस मुलांकडे लक्ष कसं द्यायचं?

प्रत्येकाने तारीख टाकून वहीत तीन ओळी लिहाव्यात: आज काय चाललं, कुठे अडलं, पुढे काय करणार. शिक्षकांना एका मुलाला दोन-तीन मिनिटं दिली तरी पुरतात. एकाच ठिकाणी पाच-सहा जण अडले असतील, तर ते फळ्यावर सगळ्यांना समजावता येतं.

एआयची मदत घेतली तरी प्रत्येक ओळ काय करते ते मुलाला सांगता आलं पाहिजे. मार्क देताना छोटा बदल करायला लावा, "आता गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं दाखव." स्वतः केलेलं असेल तर मार्ग काढेल. उतरवलेलं असेल तर तिथेच कळेल.

पालकांनी काय करायचं?

कोडिंग येत नाही म्हणून लांब बसू नका. हिशोब तर येतो ना? डेअरीचं बिल आलं की पोराला किंवा पोरीला प्रोग्राम चालवायला सांगा आणि चिठ्ठी शेजारी ठेवा. रक्कम जुळली तर शाबासकी द्या. नाही जुळली तर ओरडू नका. चूक प्रोग्राममध्ये आहे, भरलेल्या आकड्यात आहे की चिठ्ठीत, ते दोघांनी मिळून शोधा.