यंत्रांची नाडी (लेखांक 6) : बेल्ट बाहेर का जातो?

पनवेलला पाऊस लागला की तळोजा एमआयडीसीतल्या फिटरांच्या तोंडी दोन तक्रारी हमखास येतात. ‘बेल्ट बाहेर जातोय’ आणि ‘हॉपर चोक झालाय’. रसायनं, खतं, पोलाद बनवणारी ही वसाहत. इथे सुटा माल, म्हणजे भुकटी, दाणे, खडे, दिवसरात्र कन्व्हेयरवरून वाहत असतो. हे दोन्ही बिघाड दिसतात एका जागी, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं.

आधी बेल्ट पाहू. तो सरकला की पाना थेट टेल पुलीच्या बोल्टवर जातो. एका बाजूचा बोल्ट आवळल्यावर बेल्ट तात्पुरता मध्यावर येतो आणि पुढच्या पाळीत दुसऱ्या कडेला घासू लागतो. म्हणून पाना उचलण्याआधी बेल्ट थांबवून त्याच्या काठावर खडूने खूण करावी, मग तो चालू करून सुरक्षित अंतरावरून दोन-चार फेऱ्या पाहाव्यात. बेल्टचा तोच तुकडा सगळीकडे बाहेर जात असेल, तर दोष बेल्टचा. बहुधा जॉइंट काटकोनात बसलेला नसतो. उलट अख्खा बेल्ट एकाच ठिकाणी बाहेर जात असेल, तर दोष त्या जागेचा किंवा तिच्या थोडा मागचा. तिथे एखादा रोलर जाम असतो, तिरका बसलेला असतो, नाहीतर चूटमधून माल एका कडेला पडत असतो.

तिरक्या रोलरचा नियम सोपा आहे. त्याचं जे टोक बेल्टला आधी भेटतं, त्या बाजूला बेल्ट सरकतो.

पावसाळ्यात यात आणखी एक भर पडते. स्क्रेपरचं पातं झिजलेलं असलं की ओलसर माल बेल्टला चिकटून परत येतो आणि खालच्या रोलरवर त्याचा थर चढतो. रोलर एका टोकाला जाड झाला की बेल्टची चाल बिघडते. इथे बोल्ट निर्दोष असतो. रोलर साफ करावा लागतोच, पण पातं बदललं नाही तर आठवड्याभरात थर पुन्हा हजर.

हॉपरचंही तसंच. 30 अंश सेल्सिअसला हवेतली आर्द्रता साधारण 73 टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढू लागतो. अमोनियम नायट्रेटला तर 60 टक्केही पुरतात. कोकणातल्या पावसाळ्यात ती सहज 80 ओलांडते. दाणे एकमेकांना धरतात आणि तोंडावर कमान तयार होते. वर हॉपर भरलेला, खाली फीडर रिकामा. मग घण निघतो. जुन्या हॉपरच्या शंकूवर घणाचे खळगे रांगेने दिसतात, आणि आतल्या बाजूला त्याच उंचवट्यांवर माल आणखी घट्ट अडकतो.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी 1964 मध्ये दाखवून दिलं, की मालाची चिकटण्याची ताकद मोजून हॉपरच्या भिंतीचा उतार आणि तोंडाचा आकार आधीच ठरवता येतो. उभ्या हॉपरचा आकार बदलणं कठीण. पण झाकणाची फट बुजवणं, माल फार काळ पडू न देणं, भिंतीला गुळगुळीत अस्तर लावणं तळोज्यातल्या कुठल्याही कारखान्याला जमण्यासारखं आहे.

साफसफाई मात्र वीज तोडून, स्विचला कुलूप लावून आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवूनच करावी. चालत्या बेल्टखाली रोलर खरवडताना बाही आत ओढली गेली, तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. पुल कॉर्डची दोरी ओढून कन्व्हेयर खरंच थांबतो का, हेही पावसाआधी तपासून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात : बकेट एलिव्हेटरची साखळी का तुटते?