शिळा न होणारा ब्रेड

आईचे दात पडले तेव्हापासून आमच्याकडे रोज ब्रेड येऊ लागला. सकाळी दुधात बुडवून दोन स्लाइस, एवढीच तिची न्याहारी. एके दिवशी ती म्हणाली, ''अरे, हा चार दिवसांचा ना? मग शिळा कसा होत नाही?''

साठ वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईचा हा प्रश्न! मी चष्मा चढवून वेष्टन उलटं केलं. बारीक अक्षरांत आकडे होते : 471, 282, 300.

शिळी पोळी वाळते म्हणून कडक होते, असं आपण समजतो. पण तीच तव्यावर टाकली की पुन्हा मऊ होते; पाणी तर आपण घातलेलं नसतं. त्याचं असं आहे, भाजताना फुगून सैल झालेला पिठातला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होत जातो. ऊब मिळाली की सुटतो. (फ्रिजमध्ये तर ब्रेड अधिकच लवकर कडक होतो. आम्ही वर्षानुवर्षं तो तिथेच ठेवत होतो!) 471 हा स्निग्ध पदार्थांपासून केलेला घटक स्टार्चला बिलगतो आणि त्याला घट्ट होऊ देत नाही. मूळचा स्निग्ध पदार्थ वनस्पतीचा की प्राण्याचा, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी हिरवा ठिपका पाहायचा. 282 बुरशी रोखतं. आणि 300 म्हणजे चक्क क जीवनसत्त्व! पण ते तुमच्या-आमच्या पोषणासाठी नव्हे, मैद्याला बळकटी यावी म्हणून.

''म्हणजे शिळाच, फक्त कळू देत नाहीत,'' आई म्हणाली.

या तीन आकड्यांनी माझी झोप उडालेली नाही. आकडा दिसला की विष, असं नसतं. राग येतो तो पोटॅशियम ब्रोमेटचा. त्यानं पाव छान उंच फुगतो. पण प्रमाण चुकलं किंवा भाजणं कमी पडलं तर ते पावात शिल्लक राहतं. ब्रिटननं त्यावर 1990 मध्येच बंदी घातली. माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल अशा पदार्थांत 1999 मध्ये त्याची गणना झाली. आपल्याकडे मात्र ते कायदेशीर होतं. मे 2016 मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'नं ब्रेड-पावाचे 38 नमुने तपासले, तर 32 नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट निघालं. पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर बंदी आली. महिन्याभरात होणारं काम इतकी वर्षं का अडलं होतं?

वेष्टनावर निदान वाचता तरी येतं. लादीपावाला वेष्टनच नाही. परवा कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारलं, काय काय घालता? ''मैदा, मीठ, साखर, यीस्ट आणि ही पुडी.'' पुडीवर मोठ्या अक्षरांत 'ब्रेड इम्प्रूव्हर' लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांचा भाग फोडताना फाटून गेलेला.

तरीही लादी घेऊन आलो. आईनं पाव दुधात बुडवला, चव घेतली.

''बरा आहे. यात काय काय आहे रे?''

''पुडी फाटलेली होती,'' मी म्हटलं.