हातचा एक

सुरतजवळच्या चलथाणहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न वरकरणी मिस्त्रीच्या दुकानातच निकालात निघावा असा आहे; परंतु त्याच्या पोटात पदार्थविज्ञानाच्या इतिहासातील एक अत्यंत रमणीय प्रकरण दडलेले असल्यामुळे त्याची दखल या सदरात घेण्याचा मोह मला आवरला नाही. त्यांच्या पंचवीस वर्षे जुन्या मोटारीतील वेगाचा काटा पूर्वीइतकाच नेमका चालतो, परंतु किलोमीटरचे आकडे ८७,९९९ वर येऊन जे अडकले ते चार महिने झाले तरी हललेले नाहीत. या काळात बारडोली, व्यारा, नवापूर अशा मार्गाने नंदुरबारच्या दोन खेपा झाल्या आणि त्यांची मीटरमध्ये कोठेच नोंद नाही. एक मिस्त्री केबल तुटल्याचे सांगतो, दुसरा अख्खे मीटर बदलण्याचा सल्ला देतो. यांपैकी खरे कोणाचे, असे त्यांनी विचारले आहे.

दोघांचेही निदान चुकले आहे, आणि ते मीटर न उघडता सिद्ध करता येते. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डापर्यंत आवरणातून गेलेली पिळाची पोलादी तार, म्हणजेच केबल, चाकांच्या प्रमाणात फिरत असते. जपानी मानकानुसार एका किलोमीटरला तिचे ६३७ फेरे होतात. ही एकच तार काट्यालाही चालवते आणि आकड्यांनाही. ती तुटली असती तर काटाही शून्यावर निपचित पडला असता. ज्याअर्थी काटा जिवंत आहे त्याअर्थी केबल शाबूत आहे, गिअरबॉक्समधील प्लॅस्टिकचे दातेरी चाकही शाबूत आहे, आणि बिघाड मीटरच्या आत, आकड्यांच्या वाटेवर कोठेतरी आहे. मात्र एकाच तारेवर पोसल्या जाणाऱ्या या दोन यंत्रणांत मुळातच केवढे अंतर आहे, हे कळल्यावाचून दुरुस्तीचे मर्म ध्यानात यायचे नाही.

वेगाच्या काट्याला केबल स्पर्शसुद्धा करत नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरते. त्याच्याभोवती, कोठेही न टेकलेली, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि त्या वाटीच्या दांड्यावर काटा बसवलेला असतो. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग वाटी फिरते कशी?

या प्रश्नाचा पहिला धागा १८२४ साली पॅरिसमध्ये हाती लागला, आणि तो ज्याच्या हाती लागला तो कोणी विद्यापीठातला पंडित नव्हता. आंरी गांबे हा शास्त्रीय उपकरणे घडवणारा कारागीर. होकायंत्राची सुई हलवून सोडली की ती बराच वेळ झुलत राहते, परंतु डबीचा तळ तांब्याचा असेल तर लवकर स्थिरावते, ही गोष्ट त्याच्या नजरेने टिपली. तांब्यात चुंबकत्व नाही. तरीही ते सुईच्या गतीला आवर घालते, हे कसे? त्याचे हे निरीक्षण फ्रांस्वा आरागो या खगोलशास्त्रज्ञापर्यंत पोचले, आणि आरागोने प्रश्न उलटा करून पाहिला: स्थिर तांबे हलत्या सुईला थांबवत असेल, तर फिरते तांबे स्थिर सुईला हलवील काय? त्याने सुईखाली तांब्याची तबकडी गरगरा फिरवली, आणि सुई तिच्या मागोमाग फिरू लागली. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बॅबेज आणि हर्शेल या शास्त्रज्ञांनी मांडणी पुन्हा उलटवली. खाली चुंबक फिरवले आणि वर टांगलेली तांब्याची तबकडी त्यामागे ओढली गेली. ही मांडणी म्हणजे आपल्या मोटारीतील मीटरच होय, फक्त मोटार जन्माला यायला अजून साठ वर्षे अवकाश होता. असे का घडते, याचा उलगडा १८३१ साली फॅरडेने केला: बदलत्या चुंबकीय क्षेत्रात सापडलेल्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्‌प्रवाह उठतात, आणि ते प्रवाह स्वतःच क्षणिक चुंबक होऊन मूळ चुंबकाच्या मागे धावतात.

पाठ्यपुस्तकांत या प्रयोगाला आरागोचे नाव आहे, स्पष्टीकरणाला फॅरडेचे. गांबेचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. आणि याच तत्त्वावर १९०२ साली स्ट्रासबुर्गच्या ज्या ओटो शुल्त्झेने वेगमापकाचे पेटंट घेतले आणि ज्याचे यंत्र पुढे जवळजवळ शतकभर जगातील बहुसंख्य मोटारींत बसले, त्याचेही नाव त्या मोटारी चालवणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐकले असेल? हा अन्याय मला मनापासून खुपतो.

वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग मागे ओढत असते. चुंबक जितके वेगाने फिरेल तितकी ओढ अधिक, आणि ओढीच्या प्रमाणात काटा पुढे. येथे सुरतेकडच्या उन्हाळ्याचाही संबंध येतो. तापलेल्या ॲल्युमिनियमचा विद्युत्‌रोध दर अंशाला शेकडा ०.४ इतका वाढतो, म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड चाळीस अंशांनी तापला तर काटा सहाव्या-सातव्या हिश्श्याने कमी वेग दाखवू लागेल. तसे होत नाही, कारण चुंबकाला लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची एक चकती जोडलेली असते. थंडीत ती चुंबकाचा काही प्रभाव स्वतःकडे वळवून घेते आणि तापली की तो मोकळा सोडते. एवढ्याशा चकतीने दोन विरुद्ध दोषांची परस्पर वजावट केलेली असते.

आता आकड्यांकडे वळू. काट्याला फक्त आताचा क्षण ठाऊक असतो; आकडे ही मात्र रोजकीर्द आहे, आणि तिथे ओढ-बीढ काही चालत नाही, दात्याला दाता भिडावाच लागतो. केबलचे ६३७ फेरे झाले की दशांशाच्या चाकाचा एकच फेरा व्हावा, यासाठी मळसूत्री दात्यांच्या दोन टप्प्यांनी गती उतरवावी लागते. ६३७ म्हणजे १३ गुणिले ४९, तेव्हा तेरा आणि एकोणपन्नास दात्यांची दोन चाके घेतली तरी हिशेब चोख बसतो. खरी करामत त्यापुढे आहे. बेरीज करताना नऊनंतर शून्य मांडून आपण हातचा एक डावीकडच्या घरात नेतो. यंत्राने तो न्यायचा कसा? १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, फ्रेंच गणितज्ञ पास्कालला हाच प्रश्न पडला, कारण रूआँ येथे सरकारी करवसुलीच्या कामावर असलेल्या वडिलांचा आकडेमोडीचा शीण त्याला हलका करायचा होता. त्याच्या गणकयंत्रातील हातचा आणि मोटारीतील हातचा यांची घडण वेगळी असली तरी कल्पना एकच. मोटारीच्या मीटरात प्रत्येक आकडेचाकाच्या एका अंगाला वीस दाते असतात आणि दुसऱ्या अंगाला अवघे दोन. दोन चाकांच्या मध्ये एक इवलेसे दातेरी चाक बसते. उजवीकडचे चाक नवावरून शून्यावर येते त्या क्षणीच ते दोन दाते मधल्या चाकाला ढकलतात आणि डावीकडचा आकडा एका घराने पुढे सरकतो. एरवी मधले चाक जागच्या जागी कुलूपबंद.

आपल्या वाचकांची मोटार ८७,९९९ वर का अडली, ते आता कळेल. एक हातचा नेताना जितका जोर लागतो त्याहून किती तरी अधिक जोर तीन-चार हातचे एकाच वेळी नेताना लागतो. ८८,००० कडे जाताना जवळजवळ सगळी चाके एकदम हलावी लागतात. यंत्रात कोठे दुबळेपणा असलाच तर तो अशा घडीला उघडा पडायचा.

पत्र वाचल्यावर मी स्वतः चलथाणला गेलो आणि महामार्गालगतच्या एका छोट्या दुकानात, मीटरचेच काम करणाऱ्या वयस्क कारागिराच्या शेजारी बसून सारे पाहिले. त्यांनी प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली, मग डॅशबोर्डाचे स्क्रू काढून मीटर बाहेर घेतले आणि काट्याला किंवा वाटीला हात न लावता आकड्यांची चौकट अलगद सुटी केली. भिंगाखाली दोष दिसला: दांड्यावर दाबून बसवलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाला, दोन दात्यांच्या बेचक्यात, केसाएवढी चीर होती. पंचवीस वर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले. चीर पडताच चाकाची दांड्यावरील पकड सुटली, दांडा फिरत राहिला आणि चाक जागच्या जागी राहिले. नुसता गोंद लावून भागत नाही, असे त्यांनी बजावले. तो दात्यांत ओघळला की सारी चौकट वाया जाते. त्यांनी जुन्या चाकाचे दाते दोनदा मोजले, जुन्या मीटरांच्या डब्यातून तितक्याच दात्यांचे धडके चाक शोधले, दांड्यावर कानशीने अगदी बारीक खाचा पाडल्या आणि चाक दाबून बसवले. एक दाता कमी-जास्त झाला असता तरी पुढची प्रत्येक नोंद खोटी ठरली असती. काम पाऊण तासाचे. परंतु ती नजर पाऊण तासात येणारी नव्हे, आणि मला राहून राहून गांबेची आठवण होत होती.

ट्रिपचे आकडे शून्यावर आणण्याचा खटका गाडी चालू असताना दाबू नये, हेही त्यांनीच सांगितले. फिरत्या दात्यांवर असा आघात झाला की ते तुटतात. काटा थरथरत असेल तर दोष बहुधा कोरड्या पडलेल्या किंवा नको तितक्या वाकलेल्या केबलचा असतो. तिला ग्रीस द्यावे, परंतु मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवावा, नाहीतर ग्रीस वर चढून वाटी आणि चुंबक एकमेकांना चिकटतात आणि काटा भलताच वेग दाखवतो. कित्येक जुन्या मोटारींत पेट्रोलचे आणि तापमानाचे काटे एकाच वेळी वर चढले तर टाकी किंवा इंजिन यांवर संशय घेण्यापूर्वी त्या दोघांना सम दाबाने वीज पुरवणारा छोटा नियामक तपासावा.

नव्या मोटारींत केबल नाही, दाते नाहीत. किलोमीटरचा आकडा एका स्मृतिचिपमध्ये साठवलेला असतो, आणि त्यामुळे त्यात फेरफार अशक्य झाला असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. हा दावा मला मान्य नाही. दातेरी चाके मागे फिरवणाऱ्याला मीटर उघडावे लागे, आणि वाकडेतिकडे बसलेले आकडे, स्क्रूवरचे ओरखडे त्याच्याविरुद्ध साक्ष देत. चिपमधला आकडा योग्य उपकरणाने बदलला तर डोळ्यांना कसलाच माग दिसत नाही. अमेरिकेत मीटर मागे फिरवण्याविरुद्ध १९७२ साली कायदा झाला तो दातेरी मीटरांच्या काळात. पण आकडे विजेवर चालू लागले म्हणून ती लबाडी थांबली नाही. जुनी मोटार घेताना मीटरवरील आकड्यापेक्षा पेडलांच्या रबराची झीज, स्टिअरिंगची झिलई आणि दुरुस्तीच्या पावत्या यांवर अधिक भरवसा ठेवावा.

मीटर परत बसवून आम्ही महामार्गाला लागलो. पहिला किलोमीटर पुरा व्हायच्या आतच सगळे नऊ एकदम हलले, किंचित वर उचलल्यासारखे झाले आणि ८८,००० हा आकडा सरळ ओळीत येऊन थांबला. पुढे रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजत दहा किलोमीटर गेलो, तेव्हा मीटरने १०.२ दाखवले. यात मीटरचा दोष नाही. त्या मोटारीच्या चाकाची त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर; टायर सहा मिलिमीटर झिजले की परीघ शेकडा अडीचच्या आसपास घटतो, तेवढ्याच अंतराला फेरे अधिक होतात, आणि मीटर बिचारे फेरेच मोजते.

मधल्या चार महिन्यांची धाव अंदाजाने भरून काढण्यासाठी आकडे पुढे सरकवावेत काय, असे त्या गृहस्थांनी मला विचारले. तसे मुळीच करू नये. अंदाज कितीही प्रामाणिक असला तरी तो मीटरात शिरला की नोंद म्हणून वावरू लागतो. त्याऐवजी गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मीटर बंद पडल्याचा महिना, दुरुस्तीची तारीख आणि त्या वेळचा आकडा शाईने लिहावा, बंद काळातील अंदाजे धाव अंदाज म्हणूनच वेगळी नोंदवावी, खाली सही करावी, आणि गाडी विकताना ते पान नव्या मालकाला आपणहून दाखवावे. ज्यांच्या मोटारीचे आकडे आज थांबलेले आहेत त्या सर्वांनी निदान हे पान तरी आजच लिहावे, अशी माझी विनंती आहे.