बोटाला कळते, पण आकडा सांगता येत नाही



आपल्या बिदरची बिदरी कला तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. सुमारे 16 भाग जस्त आणि 1 भाग तांबे यांच्या मिश्रधातूवर कारागीर छिन्नीने नक्षी कोरतो. त्या खाचांमध्ये चांदीची तार ठोकून बसवतो, घासून गुळगुळीत करतो आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने वस्तू काळी करतो. मूळ धातू काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. या कलेला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2023 मध्ये येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली, ही आपल्या सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

चांगल्या बिदरी वस्तूवरून बोट फिरवा. तार कोठे सुरू झाली आणि कोठे संपली ते सहसा लागत नाही. पण तार जरा वर राहिली असेल तर बोट लगेच अडखळते. माणसाचे बोट फार हुशार आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या वैज्ञानिकांनी प्रयोग करून दाखवले की, सुमारे 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा बोटाला जाणवू शकतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात! तरीही बोटाची एक मर्यादा आहे. ते ‘येथे चढ आहे’ एवढे सांगते. ‘चढ किती आहे’ हे सांगत नाही. विज्ञानाचे काम या ‘किती’ पासून सुरू होते.

दोन सपाट भागांच्या उंचीतील फरकाला आपण ‘पायरी’ म्हणू. मोबाइल आणि संगणक यांच्या चिप बनवताना धातूचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवतात. एखादा थर 300 नॅनोमीटर जाडीचा हवा असेल, तर तो तेवढाच झाला की नाही हे कसे पाहणार? युक्ती सोपी आहे. थर चढवताना नमुन्याचा थोडा भाग झाकून ठेवायचा आणि नंतर झाकण काढायचे. झाकलेला भाग खाली, थर चढलेला भाग वर, म्हणजे पायरी तयार! पायरीची उंची हीच थराची जाडी.

ही पायरी मोजणाऱ्या एका यंत्राचे नाव आहे स्टायलस प्रोफाइलोमीटर. नाव अवघड वाटले तरी घाबरू नका. हिंदी माध्यमात शिकताना मी पृष्ठभागाला ‘सतह’ म्हणत असे. शब्द बदलला तरी वस्तू तीच राहते. जुन्या ग्रामोफोनची सुई पालकांना आठवत असेल. तशीच येथेही एक सुई असते. तिचे टोक हिऱ्याचे आणि काही मायक्रोमीटर त्रिज्येचे असते. ती नमुन्यावर अवघ्या काही मिलिग्रॅम भाराने टेकते. नमुना हळूहळू सरकतो, पायरी आली की सुई वर उचलली जाते. सुईला जोडलेला लोखंडी गाभा तारेच्या वेटोळ्यांत हलतो, त्यामुळे विद्युतदाब बदलतो आणि संगणकावर आलेख उमटतो. अशा प्रकारचे टॅलीसर्फ नावाचे यंत्र इंग्लंडमध्ये 1941 मध्ये तयार झाले. आज बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी येथे चिपवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत पातळ थर असेच मोजले जातात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. यंत्र कितीही महाग असले तरी माणूस काळजी घेणारा नसेल तर उत्तर चुकते. समजा नमुना किंचित तिरका ठेवला गेला आणि एका मिलिमीटरच्या अंतरात एक मायक्रोमीटर चढ आला. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसणारही नाही. पण एक मायक्रोमीटर म्हणजे 1000 नॅनोमीटर, आपल्या 300 नॅनोमीटरच्या पायरीच्या तिपटीहून जास्त! म्हणून आधी आलेखाची पातळी साधावी लागते. घर बांधताना गवंडी पाण्याच्या नळीने पातळी घेतो, तसेच हे काम आहे. मग दोन्ही बाजूंच्या सपाट भागांची सरासरी घेऊन फरक काढतात. अगदी कडेजवळचे वाचन घेत नाहीत, कारण सुईच्या टोकाच्या गोलाईमुळे कड आलेखात पसरट दिसते. उंची आधीच माहीत असलेल्या प्रमाण पायरीवर यंत्र तपासून घेतात. मोजणी तीन-चार ठिकाणी करतात. थर मऊ असेल तर भार कमी ठेवतात, नाहीतर मोजता मोजता सुईच त्यावर ओरखडा काढील. खाच सुईच्या टोकापेक्षा अरुंद असेल तर सुई तळापर्यंत पोहोचतच नाही.

हे यंत्र आपल्या शाळेत नाही, पण त्याचे तत्त्व खराट्याच्या काडीने समजते. 21 सेंटिमीटरची सरळ काडी घ्या. एका टोकापासून 1 सेंटिमीटरवर टाचणी आडवी घालून ती दोन काडेपेट्यांवर टेकवा. आखूड टोकाला खाली तोंड करून सुई चिकटवा आणि सुई हलकेच टेकेल एवढा कणकेचा गोळा त्या टोकावर ठेवा. सुईखालून कागद चिकटवलेली काच सरकवा. कागदाची कड आली की लांब टोक वीसपट हलेल. कागद 0.1 मिलिमीटर जाड असेल तर पट्टीवर ते 2 मिलिमीटर खाली गेलेले दिसेल. नंतर त्याच कागदाच्या 100 पानांची जाडी मोजून 100 ने भागा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही वहीत लिहा, एक खोडून दुसऱ्यासारखे करू नका. फरक का पडला हे शोधणे हाच खरा प्रयोग आहे.

पालक आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. एका स्क्रू गेजभोवती आठ-दहा मुले उभी राहिली तर वाचन एकच मुलगा घेतो, बाकीचे उतरवून घेतात. दोन मुलांमागे एक साधन मिळाले तर प्रत्येक हाताला मोजण्याची सवय लागेल. दहावीनंतर आपली मुले भालकी, बसवकल्याण, आळंद येथून पुढे कलबुर्गी, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी जातात. तेथे यंत्रे नवी असतील, भाषाही निराळी असेल. पण आधी पातळी साधावी, साधन तपासावे आणि जे दिसले तेच लिहावे, ही शिस्त त्यांनी येथूनच सोबत न्यावी, एवढीच अपेक्षा.

— मुख्याध्यापक